‘कुत्रं आहे, धापा टाकणारच’ हे वाक्य आता पुरे

‘कुत्रं आहे, धापा टाकणारच.’ हे वाक्य मी सोसायटीच्या बाकावर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, जनावरांच्या दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेल्या माणसांकडून ऐकलंय. सांगणारा माणूस वाईट नसतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून तो धीर द्यायला जातो. ‘आमच्याकडे तीन कुत्री होऊन गेली, सगळी अशीच जीभ काढून बसायची,’ असा पुरावाही जोडतो. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, तो घरी जातो, आणि कुत्रं कोपऱ्यात तसंच हापत राहतं. या वाक्याला माझा विरोध आहे आणि तो सौम्य नाही. आमच्या घरातलं एक कुत्रं या वाक्यापायी गेलं. त्या वेळी ते वाक्य म्हणणारी मीच होते.

आधी त्यातलं खरं तेवढं मान्य करते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पायांच्या गाद्यांना थोडासा येतो, त्यानं काही भागत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य साधन एकच: नाक, तोंड आणि जीभ यांच्या ओल्या अस्तरावरून भराभर हवा खेळवायची. पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या न्यायानं गार होतं, त्याच न्यायानं कुत्रं गार होतं. अशा वेळी त्याचा श्वास मिनिटाला २०० ते ४०० पर्यंत जातो. तरी ते दमत नाही, कारण हे श्वास उथळ असतात आणि छातीच्या स्वतःच्या लवचिक लयीत चालतात. झोका एकदा लयीत आला की पायाचा अंगठा टेकवला तरी पुरतो, तसं. धावून आलेलं, पाहुण्यांपुढे नाचलेलं, फटाक्यांना भ्यालेलं, गाडीत बावरलेलं कुत्रं धापा टाकतं. त्यात वावगं काही नाही.

पण माठाचा न्याय लावायचा तर पुरता लावा. पावसाळ्यात माठ गार होत नाही. हवाच ओली असली की पाणी उडून जाणार कुठे? म्हणून मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत पारा ३३-३४ वर असला तरी कुत्र्याची धाप कमी पडू शकते, आणि तिथली माणसं म्हणत असतात की आमच्याकडे विदर्भासारखं ऊन कुठे आहे! आमच्या नागपुरात गोष्ट वेगळी. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. मे महिन्यातल्या दुपारी इथली हवा ४५ अंशांची. म्हणजे भोवतालची हवाच त्याला तापवत असते, आणि सगळा भार त्या ओल्या जिभेवर येतो. अंग ४१ अंशांच्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, यकृत, आतडी, सगळ्यांना इजा व्हायला लागते.

निरोगी धापेला कारण असतं आणि शेवट असतो. सावलीत, पंख्याखाली, पाणी पिऊन दहा-पंधरा मिनिटांत ती उतरते. काही कारण नसताना सुरू झालेली, गारव्यातही न थांबणारी, रात्री दोन वाजता कुत्र्याला उठवून बसवणारी धाप वेगळी. ती वेदनेची असू शकते, हृदयाची असू शकते, फुप्फुसाची, रक्ताची. आणि धाप लागली की निदान माणसाचं लक्ष तरी जातं. सगळ्यांत फसवा असतो तो तोंड मिटून चाललेला भराभर श्वास. जीभ बाहेर नाही, आवाज नाही, कुत्रं ‘शांत पडलंय’ असं वाटतं, आणि पोटाचा भाता चालू असतो.

म्हणून मोजा. कुत्रं गाढ झोपलेलं असताना त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, हात लावू नका, हाक मारू नका. स्वप्नात पाय हलवत असेल, मिशा थरथरत असतील तर ते सरेपर्यंत थांबा, कारण तेव्हाचा श्वास खरा नसतो. नजर शेवटच्या बरगडीवर ठेवा, जिथे छाती संपून कुशीचा खळगा सुरू होतो. तिथली कातडी वर येते, खाली जाते. दोन्ही मिळून एक श्वास. घड्याळाचे ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचा निजलेला आकडा ३० च्या आत असतो, बहुतेकांचा १५ ते २५ मध्ये. पुन्हा पुन्हा ३० च्या वर जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवा. ४० च्या वर असेल तर सकाळची वाट पाहू नका. याला एक रुपया लागत नाही. पिल्लू आणलं की आपल्याला लसींचं कार्ड मिळतं, जंताच्या औषधाची तारीख मिळते, कुठलं खाद्य चांगलं यावर दहा जणांचे सल्ले मिळतात. पण ‘तुमचं कुत्रं झोपेत मिनिटाला किती श्वास घेतं?’ हा प्रश्न मला अकरा वर्षांत कुणी विचारला नाही. मीही कुणाला विचारला नाही.

ती अकरा वर्षं ब्रूनोची. आमचा पिवळट रंगाचा लॅब्रॅडोर. दहावं सरताना त्याचं भुंकणं बदललं. आधी घणघणीत होतं, ते फाटल्यासारखं, बसक्या आवाजाचं झालं. आम्ही म्हणालो, फार भुंकतो, घसा बसलाय. मग पाणी पिताना ठसका लागायला लागला. आम्ही म्हणालो, हावरटच आहे. जिना चढताना मागच्या पायांची नखं पायरीला घासायची, टक् टक् आवाज यायचा. वय झालं. आणि फिरून आला की धापेत एक नवा आवाज असायचा, ओल्या लाकडावर करवत चालावी तसा, श्वास आत घेताना. त्यावर आमचं उत्तर तयारच होतं: लॅब आहे, जाड आहे, धापा टाकणारच.

मे महिन्यातली संध्याकाळ. साडेसहा वाजले होते, ऊन उतरलं होतं, म्हणून आम्ही निघालो. डांबर उतरलेलं नव्हतं. अर्धा किलोमीटर गेलो असू. ब्रूनो थांबला आणि बसेना. पुढचे दोन्ही कोपर अंगापासून बाहेर काढून उभा राहिला, मान पुढे ताणलेली, ओठांच्या कडा मागे ओढलेल्या. श्वास घेताना पोट आत जात होतं, छाती फुगत होती, दोघांचा मेळ नव्हता. मी त्याची जीभ पाहिली. पिकलेल्या जांभळाचा रंग. घरी आणला, मोठा टॉवेल भिजवून त्याच्या अंगावर गुंडाळला आणि गाडीत घातला. दवाखाना २५ मिनिटांवर होता. तो टेबलावर पोचला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर एकच विचारलं: ‘याचा आवाज कधी बदलला?’ मी म्हणाले, वर्ष झालं. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी समजावून सांगितलं. म्हाताऱ्या लॅब्रॅडोरमध्ये स्वरयंत्राचा पक्षाघात हा माहीत असलेला आजार आहे. श्वास आत घेताना स्वरयंत्राच्या दोन्ही कवाडांनी उघडायला हवं. त्यांना चालवणारी नस हळूहळू निकामी होते आणि कवाडं अर्धमिटीच राहतात. भुंकणं बसतं, पाण्यानं ठसका लागतो, आणि बऱ्याचदा त्याच दुखण्यानं मागचे पायही ढिले पडत जातात. एरवी निभतं. उकाड्यात कुत्रं गार होण्यासाठी जोरात हवा ओढायला जातं, त्या ओढीनं घशाची आतली त्वचा सुजते, वाट आणखी अरुंद होते, गारवा मिळत नाही, म्हणून ते आणखी जोरात ओढतं. या आजारावर शस्त्रक्रिया आहे. एका बाजूचं कवाड ओढून कायमचं उघडं बांधतात. चार खुणा वर्षभर आमच्या डोळ्यांसमोर होत्या आणि चारहींना आम्ही चार वेगळी, घरगुती, मायेची कारणं दिली होती.

त्यामुळे ‘काही नसतं हो’ असं कुणी म्हणालं की मी आता ऐकून घेत नाही.

या वाक्याचं एक धाकटं भावंड आहे: ‘पग घोरतोच.’ त्याची मला जास्त चीड येते, कारण तो त्रास माणसानं ठरवून घडवलेला आहे. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागे गावभर चालणारा पग दिसला आणि देशाला त्याचं वेड लागलं. त्यानंतर जळगाव, अकोला, सोलापूर, चंद्रपूर अशा, उन्हाळ्यात पारा सहज ४२ च्या वर नेणाऱ्या गावांमध्येही पग आले. मागून शिह त्झू आले, आता फ्रेंच बुलडॉग येताहेत. या कुत्र्यांची नाकपुडी जवळून पाहा. निरोगी नाकपुडी स्वल्पविरामाच्या आकाराची, उघडी असते. यांच्यापैकी कित्येकांची नुसती चीर असते, आणि श्वास घेताना तीही आत ओढून मिटते. पिढ्यान् पिढ्या चेहऱ्याची हाडं आखूड केली, पण आतलं मांस त्या मापानं आखूड झालं नाही. मऊ टाळू लांबून श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. त्याच्या फटीतून वर्षानुवर्षं हवा खेचून खेचून स्वरयंत्राच्या बाजूच्या बारीक पिशव्या बाहेर उलटतात आणि उरलीसुरली वाट अडवतात. शिवाय ज्या लांब नाकात हवा ओलसर अस्तरावरून फिरून अंग गार व्हायचं, ते नाकच उरलेलं नाही. म्हणजे धाप हे ज्याचं एकमेव हत्यार, त्याचं हत्यारच आपण मोडून ठेवलं, आणि त्याला विदर्भात आणलं.

मोबाइलवर तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील. पग बसल्या बसल्या पेंगतोय, डोकं मागे कलतं, दचकून उठतो. पग तोंडात खेळणं धरूनच झोपलाय. पग सोफ्याच्या कडेवर हनुवटी टेकवून झोपलाय. खाली हसरे चेहरे, लाल बदाम. अनेकदा ते कुत्रं झोपेत श्वास बंद होऊ नये म्हणून तसं झोपलेलं असतं. आडवं झालं की घसा मिटतो, म्हणून बसून. तोंड मिटलं की हवा थांबते, म्हणून खेळणं दातांत धरून. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कुत्र्यांना श्वासमार्गाच्या अडथळ्याची उघड लक्षणं होती, त्यांच्या मालकांना त्यांनी विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का? ५८ टक्क्यांनी नाही म्हटलं. घोरणं, धडपडणं, गुदमरणं त्यांना दिसत होतं. ते त्यांना ‘या जातीचं असंच असतं’ वाटत होतं. माझा सगळा वाद या एका आकड्याशी आहे.

यावर उत्तर येतं, ‘आमचा पग दहा वर्षं जगला.’ जगला असेल. दहा वर्षं नाकावर उशी ठेवून जगणं हेही जगणंच आहे. ज्यांच्या घरी आज पग आहे त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी प्रेमानं आणला. त्यांनी त्याचं वजन उतरवावं, कारण गळ्याभोवतीची चरबी त्याची वाट आणखी दाबते. गळपट्टा काढून छातीला बांधायचा हार्नेस घ्यावा. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत फिरवून आणावं. नाकपुड्या रुंद करण्याची आणि लांबलेला टाळू कापण्याची शस्त्रक्रिया होते, आणि ती पुढचं नुकसान व्हायच्या आत, लवकर केलेली बरी. त्याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावं. पण नवं पिल्लू विकत घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. नेदरलँड्सनं २०१९ पासून कवटीच्या मापानं फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध कडक केले. आपल्याकडे २०१७ चे नियम आहेत, नोंदणीशिवाय कुत्र्यांची पैदास करून विकता येत नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. किती घरांनी पिल्लू घेताना नोंदणीचा कागद मागितला? आणि कागद असला तरी त्यानं नाकपुडी रुंद होत नाही.

‘म्हातारा झालाय’ आणि ‘सर्दी झालीय’ ही आणखी दोन उत्तरं. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या हृदयाची झडप गळू लागते, फुप्फुसात पाणी साचतं, रात्री ढास लागते. घरात सगळे म्हणतात थंडी बाधली. इथे तो झोपेतला आकडा ढाशीच्याही आधी सांगून जातो. आपल्याकडच्या पॉमना बदकासारखा कर्कश खोकला येतो, तो बऱ्याचदा ढिल्या पडलेल्या श्वासनलिकेचा असतो आणि गळपट्टा ओढला की वाढतो. गोचीडतापात रक्त इतकं कमी होतं की कुत्रं नुसतं पडल्या पडल्या हापतं. त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहा, गुलाबी असायला हवी ती खडूसारखी दिसेल. बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. हिरडी जन्मतः काळी असेल तर जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. निळा-जांभळा रंग दिसायला लागला म्हणजे उशीर झालेला आहे, आणि रक्त कमी असलेल्या कुत्र्यात तो दिसतही नाही, एवढं लक्षात ठेवा. (उगाच घाबरू नये असंही एक असतं: कुत्रं मान ताणून नाकानं फुर्र फुर्र हवा आत ओढतं, मिनिटभरात जसं होतं तसं. ती उलटी शिंक. क्वचित आली तर निर्धोक.)

आता माझ्या त्या टॉवेलबद्दल. मी तेव्हा बरोबर केलं असं मला वाटत होतं, आणि आजही बहुतेक घरांत तेच होईल. अंगाला गुंडाळलेला ओला टॉवेल काही मिनिटांत अंगाच्याच उष्णतेनं तापतो आणि घोंगडीसारखी आतली वाफ अडवून धरतो. उष्माघातात पहिलं काम आहे कुत्र्याला जागेवर गार करणं, दवाखान्यात नेणं दुसरं. ब्रूनोचा घसा मिटलेला होता, तो यानं वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण त्याची ती २५ मिनिटं टॉवेलमध्ये तापत गेली. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, केसांच्या खाली कातडीपर्यंत, पोटाला, जांघेत, आणि सतत ओतत राहा, वर पंख्याचा झोत ठेवा. पुन्हा तोच माठाचा न्याय. मात्र मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं नळाचं पाणी हात भाजेल असं येतं, ते नको. माठातलं घ्या, फ्रिजमधल्या बाटल्या घ्या, स्विच बंद करून कूलरच्या टाकीतलं उपसा. ओलं कुत्रं कूलरच्या पत्र्याला चिकटून ठेवू नका. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात इथे माणसं मरतात. ‘थंड पाण्यानं शॉक बसतो’ ही समजूत आता मागे पडलेली आहे. तापलेल्या कुत्र्याला गार पाण्याचं भय नाही, उशिराचं आहे. श्वास संथ होऊ लागला, थंडीनं कुडकुडू लागलं की थांबा आणि निघा. उठून शेपूट हलवायला लागलं तरी निघा, कारण मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया यांचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं. आणि उष्माघात म्हणजे बंद गाडी एवढंच समजू नका. ब्रिटनमधल्या नोंदींत उष्माघाताच्या सुमारे तीन-चतुर्थांश घटना धावण्या-खेळण्या-चालण्यातून झालेल्या होत्या.

घरगुती उपायांचं तर विचारूच नका. ऊन लागलं की कांदा, ही आपल्याकडची शिकवण, आणि ती कुत्र्यावर कुणी तरी वापरतंच. कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण १५० ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदे, त्रास द्यायला पुरे; आणि त्रास काही दिवसांनी दिसतो, तो पुन्हा धापेच्या रूपात. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, ती यकृतावर आणि रक्तावर उलटू शकते. आयबुप्रोफेननं पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात पाणी, ताक, तेल काहीही ओतू नका. ते फुप्फुसात उतरतं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. प्यायचं असेल तर ते स्वतः पिईल.

दम उन्हाचा नसेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल, तर पाणी ओतण्यात अर्थ नाही. त्याला हवं तसं बसू-उभं राहू द्या. पाठीवर पाडू नका, कवेत आवळून धरू नका, तोंड उघडून बघत बसू नका. श्वासाला मुकलेलं कुत्रं नुसत्या झटापटीनं जातं. निघताना फोन करा आणि विचारा: ऑक्सिजन आहे का? सगळ्याच दवाखान्यांत नसतो. हा प्रश्न खरं तर आजच, कुत्रं ठणठणीत असताना, विचारून ठेवायचा. मुंबईत परळ, शिवाय नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथे जनावरांवर उपचार होतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि धाप येऊन-जाऊन असेल तर मोबाइलवर चित्रित करा. दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबते आणि मग डॉक्टरसुद्धा तुमच्या वर्णनावरच विसंबतात. तुमच्याकडे चित्रण असेल, आठवड्याचे आकडे असतील, तर ‘काही नाही, धापा टाकतातच’ असं कुणालाही दोन मिनिटांत म्हणता येणार नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो टाळून मला लिहिता येणार नाही. ‘माणसांना ऑक्सिजन मिळत नव्हता, आणि तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात? हे श्रीमंतांचे चोचले.’ कोरोनातला २०२१ चा एप्रिल मीही याच शहरात काढलाय. माणसं सिलिंडरसाठी रात्रभर फिरत होती. त्या दिवसांनी आपल्याला काय शिकवलं? घरोघरी ऑक्सिमीटर आले. सहा मिनिटं चालून आकडा पाहायचा, हे आजी-आजोबांनाही पाठ झालं. माणूस बोलतोय, हसतोय आणि आकडा मात्र खाली घसरलाय, हे आपण पाहिलं. वाट पाहिल्यानं काय होतं, तेही पाहिलं. एवढं शिकलेल्या समाजाला झोपलेल्या कुत्र्याच्या बरगड्या तीस सेकंद पाहणं चोचले वाटावेत, हे मला पटत नाही.

आणि कुत्रं फक्त फ्लॅटमध्ये नसतं. पावसाळ्यात रात्री शेतावर राखणीला असलेल्या कुत्र्याला मण्यार चावते. सूज नाही, जखम दिसत नाही. सकाळी पापण्या उतरलेल्या, पाय लटपटतात, आणि श्वास भराभर चालण्याऐवजी उथळ, मंद होत जातो. शेतकरी म्हणतो, रात्रभर जागलं, पेंगतंय. ते पेंगत नसतं, छातीचे स्नायू लुळे पडत असतात, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सर्पविषावरचं औषध असलं तर अजून वेळ असतो. बिघडलेला श्वास नेहमी जोरातच असेल असं नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं कुत्रं वाचेल, मग तो कितीही गरीब असो. बेवारस मरणाला आपल्या भाषेनं ‘कुत्र्याची मौत’ असं नाव दिलंय. आपल्या दारात भाकरीवर वाढलेल्या जनावराला तरी ती येऊ नये.

ब्रूनोनंतर दोन वर्षांनी आमच्याकडे चिंगी आली. कॉलनीतलीच, रस्त्यावरची, लांब नाकाची, उभ्या कानांची. दुधाचा हिशोब ज्या कालनिर्णयच्या चौकटींत लिहिते, त्याच चौकटींत आता कोपऱ्यात तिचा आकडा लिहिते, आठवड्यातून एकदा, रात्री दिवा मालवायच्या आधी. कालचा आकडा १८ होता. तुमच्या घरचा किती आहे, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर आज ते झोपलं की शेजारी बसा आणि मोजा.